अण्णा साळुंके मंडईच्या रंगमंचावर उभा करायचा तर

बाबू, तू लिहिलंस की येत्या सीझनला मंडईसाठी, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव भरणाऱ्या नाटकांच्या जत्रेसाठी, अण्णा साळुंकेवर तीन अंकी नाटक करायचं मनात आहे. मूकपटातल्या नटाचं आयुष्य कसं असायचं, ती माणसं एवढे हातवारे काहून करायची, आणि हॉटेलात राबता राबता दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटातली पहिली तारामती झालेल्या या माणसाचा शेवट आपल्या झाडीतल्या प्रेक्षकाला रडवेल असा कसा लिहावा, असं विचारतोस. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुझं नाटक फसलं तर तिथंच फसेल.

रडवू नको. आपल्याकडे रडवणं सोपं आहे. आजारी माय, दारुडा बाप, ऑर्गनवर एक लांब सूर, की मागच्या बाजूला बसलेली बाई पदर डोळ्याला लावते. पण साळुंकेच्या आयुष्यात तू हे सारं घातलंस तर ते तुझ्या पदरचं होईल, त्याचं राहणार नाही. जे पक्कं ठाऊक आहे ते निराळंच आहे आणि माझ्या मते जास्त रंगतदार आहे. एक कामकरी माणूस नव्यानं निघालेल्या सिनेमाच्या कारखान्यात लागला, तिथं आधी राणी झाला, पुढं एकाच चित्रपटात राम आणि सीता दोन्ही झाला, आणि नंतर कॅमेऱ्याची दांडी स्वतःच्या हातात घेऊन छायाचित्रकार झाला. हे नाटक कामाचं आहे. त्याचं काम दिसू दे.

फाळक्यांची पूर्वकथा एका प्रवेशात उरक. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, वाटाण्याचं बी रुजून वेल होईपर्यंतची छोटी फिल्म दाखवून त्यांनी पैसे लावणाऱ्याला पटवलं, त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. यावर लोकांनी पुष्कळ पाहिलं-वाचलं आहे. तुझी गोष्ट सुरू होते ती तारामती मिळेना तेव्हा. वर्तमानपत्रात जाहिराती झाल्या, कलावंतिणींच्या वस्तीत खेटे झाले, तिथूनही कोणी टिकली नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात फाळक्यांना सडसडीत बांध्याचा, नाजूक हातांचा एक तरुण दिसला. कोणी त्याला आचारी म्हणतं, कोणी वाढपी. तिथं त्याला महिना १० रुपये मिळत, फाळक्यांनी १५ देऊ केले. तो आला.

इथं 'कलेची ओढ' घुसवू नको. पाच रुपये जास्त मिळतात म्हणून आला, हे सांगायला लाज कसली? वडश्यात, आपल्या नाटक कंपन्यांच्या ठाण्यात, नट या कंपनीतून त्या कंपनीत काहून जातात, हे तुला मी सांगायला नको.

दुसरी एक गोष्ट मात्र सांभाळ. पुरुषानं बाईचं काम करणं त्या काळी हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला त्याच १९१३ साली बालगंधर्वांनी आपली गंधर्व नाटक मंडळी काढली. सारा महाराष्ट्र स्त्रीपार्टी नटांवर जीव टाकत होता. फाळके नाटकातला नावाजलेला स्त्रीपार्टी सोडून हॉटेलात का शिरले असतील, तर नाटकवाल्याचा भाव त्यांना झेपणारा नसावा, असा माझा अंदाज. आपल्या दंडार आणि खडीगंमत या लोकनाट्यांत तर पुरुषच लुगडं नेसत आले. तरुणपणी मीही नेसलो. तेव्हा साळुंके पहिल्यांदा साडी नेसतो या प्रवेशात शिट्ट्या वाजतील असा विनोद टाकलास तर ती आपल्याच बापजाद्यांची थट्टा होईल.

विनोद हवाच असेल तर मिशीवर लिही. स्त्रीभूमिकेसाठी घेतलेले नट मिशी काढायला तयार होईनात, कारण मिशी उतरवायची ती बाप वारल्यावर. बाप घरी धडधाकट आणि पोरगा सफाचट होऊन दारात उभा! फाळक्यांना एकेकाची समजूत घालावी लागली. या प्रसंगाला आपल्याकडचा प्रेक्षक जीव तोडून हसेल, आणि हसता हसता त्या माणसांची अडचणही त्याला कळेल.

पहिल्या अंकाचं ठिकाण दादरच्या मेन रोडवरचं मथुरा भवन ठेव. फाळक्यांचा स्टुडिओ तोच, घर तेच, रसायनांची खोलीही तीच. सगळी माणसं तिथंच जेवत-खात आणि साऱ्यांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करत. शिवाय रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायची आणि दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा, हीही कामं त्यांच्याकडे. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांना फाळके घरात साडीवरच वावरायला लावत, तांदूळ निवडायला, दळणकांडण करायला बसवत, असं सांगतात. म्हणजे तालीम व्हायची ती सूप हातात घेऊन. आपल्या बाया हा प्रवेश फार बारकाईनं पाहतील. नटानं सूप धरलं कसं आणि पाखडलं कसं, यावरून त्या त्याला नापास करतील. तेव्हा ते काम नटाला आधी खरोखर शिकव.

बाहेर विचारलं तर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहे' असं सांगा, असं फाळक्यांनी आपल्या माणसांना बजावलं होतं, कारण सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाक मुरडत. वांगणीला बाहेरचं चित्रीकरण होतं तेव्हा तलवारी-भाले घेतलेली ही मंडळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखं वाटलं आणि पोलिसांनी त्यांना धरलं, हा किस्साही तुला घेता येईल. फक्त तो ताणू नको. पाच मिनिटांचा माल आहे.

आता हातवाऱ्यांचं. इथं मी रेंगाळणार आहे, कारण चांगल्या चांगल्या नटांच्याही डोक्यात याबद्दल गोंधळ असतो. मूकपटातला नट म्हटलं की आपले पोट्टे तुरुतुरु चालतात, डोळे फिरवतात, छाती बडवतात. ती नक्कल त्या नटांची नाही, ती बिघडलेल्या प्रोजेक्शनची नक्कल आहे.

हिशोब सोपा आहे. त्या कॅमेऱ्याची दांडी हातानं फिरवावी लागे. एका फेऱ्यात आठ चौकटी, म्हणजे फ्रेम, सरकत आणि सेकंदाला साधारण दोन फेरे होत, म्हणजे १६ चौकटी. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चौकटींचा वेग ठरला. १६ नं काढलेलं २४ नं दाखवलं की माणूस दीडपट वेगानं पळणारच. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता आणि फुटाला १६ चौकटी. जुन्या वेगानं तो तासाच्या थोडा वर चालेल, नव्या वेगानं ४१ मिनिटांत आटपेल. मधली वीस मिनिटं गेली कुठं? ती नटाची होती. त्याचं थांबणं, वळण्याआधीचा श्वास, नजर खाली जाण्याचा वेळ, हे सारं कापलं गेलं आणि पुढच्या पिढ्या म्हणायला लागल्या की हे लोक माकडचेष्टा करत. तुझ्या नाटकातला साळुंके सावकाश हलला पाहिजे. उलट आजच्या नटापेक्षाही सावकाश.

मग हातवारे होतेच ना? होते. एक तर कॅमेरा एका जागी ठोकलेला. नट डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत, म्हणजे पडद्यावर त्याचं तोंड लहान. भुवई उचलून भागत नसे, भाव अख्ख्या अंगातून यावा लागे. मंडईच्या शेवटच्या टोकाला गोधडी पांघरून बसलेल्या माणसाला तुझी भुवई दिसत नाही, तेव्हा तू काय करतोस? खांद्यातून हात उचलतोस, मान वळवण्याऐवजी अख्खा वळतोस. तेच ते. फरक असा, की आपल्याला माइक आहे आणि रंगमंच मोकळा आहे. त्यांना चौकटीच्या बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. दोन पावलं इकडं-तिकडं झाली की अर्धा नट गायब, आणि कच्ची फिल्म परदेशातून मागवलेली, महागाची. पुन्हा पुन्हा घेण्याची चैन नव्हती.

दुसरं कारण पाट्यांचं. प्रसंगाच्या मध्ये लिहिलेली पाटी येई, 'राजा हरिश्चंद्र'मध्ये ती हिंदीत आणि इंग्रजीत होती. पाटी आली की नट पडद्यावरून जातो आणि नंतर पुन्हा येतो. त्यामुळे भाव पाटीच्या आधी पक्का बसवून ठेवायचा आणि पाटी गेल्यावर तो तिथंच सापडला पाहिजे. म्हणून ते थांबून राहिल्यासारखे दिसतात. त्यात फाळक्यांच्या डोळ्यापुढं राजा रविवर्म्याची चित्रं. हरिश्चंद्र रोहिताश्वाला धनुष्य शिकवतो तो सुरुवातीचा प्रसंग पाहा, मंडळी तसबिरीतल्यासारखी उभी आहेत.

आणि ते मुके मुळीच नव्हते. कॅमेरा सुरू असताना नट बोलत, कारण बोलल्याशिवाय तोंड आणि गळा खरा हलत नाही. आवाज नोंदलाच जात नसल्यामुळे दिग्दर्शक बाजूला उभा राहून खुशाल ओरडून सांगू शके: वळ, वर पाहा, आता बस. आपला प्रॉम्प्टर लपून बोलतो, तिथं उघड्यावर. हा प्रवेश तर मंडईत हमखास रंगेल. फाळके ओरडतायत, तारामती रडतेय, वर ढग येतोय आणि दांडी फिरवणारा म्हणतोय, ऊन गेलं!

ऊन हा या नाटकातला खरा खलनायक कर. दिवे नव्हतेच. राजवाड्याचं दालनही उघड्या आवारात लावायचं आणि सूर्याच्या भरवशावर काम करायचं. भर उन्हात, तोंडाला जाड रंग, अंगावर भरजरी कापड, डोक्यावर केसांचा टोप. तारामतीचं पाण्यातलं दृश्य आजही पाहायला मिळतं: राणी आणि सख्या हौदात खेळतायत, सारे पुरुष, ओल्या साड्या अंगाला चिकटलेल्या, आणि तरी कोणी ओशाळलेला दिसत नाही. त्यातला साळुंके मला फार आवडतो. मुरडणं नाही, लाडिकपणा नाही. पाण्यात शिरलेली बाई जेवढी मोकळी होईल तेवढाच मोकळा. कृपा करून या जागी रेकॉर्डिंग डान्स टाकू नको. ठेकेदार म्हणेलच, 'इथं एक गरम गाणं होऊन जाऊ द्या.' नाही म्हण.

रंगभूषेचंही ऐकून ठेव. त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल ते काळं उमटे आणि निळं पांढरं पडे. म्हणून त्या चित्रपटांत आभाळ कोरं दिसतं, ओठ काळे दिसतात, आणि नाटकातल्यासारखी गालावर लाली लावली तर गाल बसल्यासारखे दिसतात. आपल्या मातीच्या रंगाचा चेहराही असतो त्याहून काळवंडतो, त्यामुळे पांढऱ्याचा थर जास्त. आपल्या जुन्या लोकांनी मुरदाडशिंग आणि पिंजर घोटून जे केलं ते मशालीच्या उजेडासाठी बरोबर होतं, कॅमेऱ्यासाठी ते उलटं पडलं असतं. तुझ्या नाटकात जेव्हा 'पडद्यावरचा' भाग येईल तेव्हा कपडे पांढरे, राखाडी, काळे ठेव, ओठ गडद रंगव, रंगीत दिवे बंद कर आणि एकच पांढरा झोत सोड. लुकलुकणारा दिवा लावायचा मोह होईल. तो अर्धा मिनिट बरा वाटतो, नंतर डोळे दुखतात.

अशा भागात ऑर्गन आणि तबला चालू दे. मूकपटाच्या खेळात थिएटरात बाजा-तबला वाजे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कोणीतरी पाट्या मोठ्यानं वाचून, आपल्या पदरची भर घालून गोष्ट सांगे. आपल्याकडं निवेदक आहेच, त्यालाच हे काम दे. त्याला झाडीबोलीत बोलू दे. रात्री दोनच्या सुमारास पूर्ण शांततेचा प्रवेश टाकू नको. अर्धी मंडळी पेंगलेली असतात आणि उरलेली अर्धी माइक बिघडला समजून ओरडायला लागते.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी 'लंकादहन' येऊ दे. १९१७ चा चित्रपट, राम साळुंके आणि सीताही साळुंकेच. राम पडद्यावर आला की लोक पायातल्या वहाणा काढत, असं त्या खेळांबद्दल सांगतात. जरा विचार कर: हॉटेलातून १५ रुपयांवर उचललेल्या माणसाच्या पायाशी, राम म्हणून, लोक हात जोडतायत, आणि पुढच्या दृश्यात तोच अशोकवनात बसलाय. एका नटानं दोन भूमिका करण्याचं आपल्या सिनेमातलं हे पहिलं उदाहरण मानतात. आपल्या रंगमंचावर ही अदलाबदल प्रेक्षकासमोर करून दाखव. विंगेत नको. मुकुट काढला, पदर घेतला, चाल बदलली. नट तयारीचा असेल तर टाळी तिथंच आहे.

इथं एक इतिहासाची दुरुस्ती. 'बायका मिळाल्या नाहीत म्हणून पुरुष' हे पहिल्या चित्रपटापुरतंच खरं. त्याच १९१३ साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. मायलेकी चित्ताकर्षक नाटक कंपनीतल्या. कमलाबाई पुढं गोखल्यांच्या घरात गेल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. तर बायका आल्यानंतरही चार वर्षांनी सीतेसाठी फाळके साळुंकेकडेच वळले. याचा अर्थ तो केवळ अडीनडीचा माणूस राहिला नव्हता. माझ्या दृष्टीनं त्याच्या नट म्हणून असलेल्या किमतीचा हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. हे वाक्य कोणत्याही पात्राच्या तोंडी घालू नको, प्रसंगातून कळू दे.

तिसरा अंक कॅमेऱ्यामागचा. १९१८ साली नाशकात हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२२ पासून साळुंके छायाचित्रण करू लागला. मूकपट संपेपर्यंत त्यानं कितीतरी चित्रपटांसाठी दांडी फिरवली. मला या नाटकात सगळ्यात जास्त हाच अंक पाहावासा वाटतो. ज्यानं ऊन तोंडावर झेललं, त्याला ऊन कुठून घ्यायचं हे कळतं. ज्याचा ओठ काळा उमटला, तो दुसऱ्याचा ओठ रंगू देणार नाही. नव्या पोरीला चौकटीची हद्द दाखवताना त्याला शब्द शोधावे लागणार नाहीत. अनुभवी नट बाजूला बसून पेटीवाल्याला आणि लाइटवाल्याला शिकवतो, हे तू वडश्यात पाहिलं असशील. तसाच बिनभपक्याचा प्रवेश लिही.

मग १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलू लागला. त्या घडीला कोणाचं काय झालं ते दोन-तीन उदाहरणांत दाखवता येईल. मास्टर विठ्ठल हा मूकपटातला मारधाडीचा मोठा नायक, 'आलम आरा'चा नायकही तोच. पण हिंदी बोलण्याची पंचाईत, म्हणून त्याच्या वाट्याला संवाद थोडे आले आणि पुढं भूमिकाही लहान होत गेल्या. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, मूकपटांची राणी. तिनं थोडं थांबून हिंदी शिकून घेतलं आणि पुन्हा उभी राहिली. १९७३ चा फाळके पुरस्कार तिला मिळाला. कमलाबाई मुळातच नाटकातल्या, आवाज कमावलेल्या. त्यांचं काही अडलं नाही. साळुंकेचं चित्रपटातलं काम मात्र मूकपटाबरोबरच थांबलं. तिथंच नाटक थांबव. पुढं तो कुठं गेला, कसा गेला, याची कहाणी रचू नको.

तू जाता जाता विचारलंयस की विदर्भातलाच कोणी मूकपटाचा नट घेतला तर? भगवानदादा पालव आहेत. जन्म अमरावतीचा, तोही १९१३ चाच, आणि सुरुवात मूकपटातून. वाढले मात्र दादरला, गिरणी कामगाराच्या घरात. पण त्यांचं खरं राज्य बोलपटाचं, 'अलबेला'चं. जुहूचा बंगला, गाड्या आणि परत चाळीत येणं, हे सारं नाट्य तिथं आहे. तो विषय स्वतंत्र ठेव, साळुंकेला जोडशील तर दोन्ही पातळ होतील.

प्रत्यक्ष पाहण्याबद्दल: 'राजा हरिश्चंद्र'चं पहिलं आणि शेवटचं रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडं आहे आणि तेवढा भाग मोबाइलवरही पाहता येतो. पाहताना वेग कमी करून पाहा, पाऊण पटीनं लाव, म्हणजे माणसं माणसांसारखी चालू लागतील. बाकीच्या शेकडो मूकपटांपैकी फारच थोडे उरले. फिल्मच अशी की आपोआप सडे, चटकन पेट घेई, आणि उरलेली चांदीसाठी वितळवली गेली. तुझ्या मुख्य नटाला जे उरलंय ते दाखव, पण नक्कल करायला लावू नको. उभं कसं राहायचं तेवढं घेऊ दे.

वडश्यात तारखांची बोलणी दिवाळीच्या आधीच सुरू होतात, तेव्हा पोळ्यापर्यंत पहिला अंक मला पाठव. सगळे नट एका वेळी तालमीला मिळणार नाहीत हे धरूनच चाल. अण्णाचं काम करणारा पोट्टा मात्र आधी ठरव आणि त्याच्या अंगाच्या मापानं लिही. सडसडीत हवा, राम म्हणूनही शोभला पाहिजे आणि सीता म्हणूनही, आणि मिशी काढायला तयार आहे का ते बयाणा देण्याआधी विचारून घे.